एलईडी हेडलाईटमध्ये आतून वाफ धरते: धुकं की गळती? निदान, सुकवणं, दुरुस्ती

दिवाबत्ती

पाऊस लागला की हा प्रश्न दहा ठिकाणी सुटासुटा विचारला जातो आणि त्याखाली ठरलेली उत्तरं येतात: दिव्याभोवती सिलिकॉन फासा, मागचं भोक बुजवा, तांदळात ठेवा. यातल्या पहिल्या दोन उपायांनी चांगला दिवा कायमचा जातो. म्हणून सगळं एका जागी मांडतोय. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

आधी आत धुकं आहे की पाणी, ते ठरवा. उपाय पूर्ण वेगळे आहेत.

हिशोब साधा आहे. ३० अंश सेल्सियसच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम. मोटरसायकलच्या हेडलाईटची आतली पोकळी २ लीटर धरली तर त्या हवेत मिळून ६० मिलिग्रॅम पाणी आहे. काच २० अंशापर्यंत थंड झाली की त्यातलं २५ मिलिग्रॅमच्या आसपास सुटून काचेवर बसतं. म्हणजे फक्त अर्धा थेंब! पण तो अर्धा थेंब बारीक दवाच्या रूपात अख्ख्या काचेवर पसरला की दिवा पांढराफटक दिसतो आणि माणूस घाबरतो.

यावरून उलटं ताडता येतं. काचेच्या आतून थेंब ओघळून रेघा पडल्या असतील, किंवा दिव्याच्या तळाशी पाणी साचून गाडी हलवली की तेही हलत असेल, तर ते पाणी हवेतून आलेलं नाही. हवेत तेवढं पाणीच नसतं. ते कुठून तरी शिरलं आहे आणि ती जागा शोधावी लागेल.

घरी करायची चाचणी: गाडी उघड्यावर उभी करून लो बीम चालू ठेवा, किंवा जमलं तर गाडी अर्धा तास चालवा. सुरुवातीला आणि मग दर १० मिनिटांनी त्याच कोनातून फोटो काढा. धुक्याची कड आत सरकत गेली आणि तासाभरात काच स्वच्छ झाली, तर दिवा ठीक आहे, काहीही करू नका. बहुतेक गाड्यांच्या मालकपुस्तिकेतही पावसात किंवा धुतल्यावर येणारं हलकं धुकं नेहमीचं असतं, असंच लिहिलेलं असतं. दोन दिवस कोरडं ऊन असूनही धुकं तिथंच राहिलं तर पुढचे प्रतिसाद वाचा. वॉरंटी असेल तर हेच फोटो वेळेसकट सर्व्हिस सेंटरला दाखवा. वॉरंटीत असलेला दिवा स्वतः उघडू नका.

रानवारा

चांगला धागा. दोन शंका. जुन्या हॅलोजनला हे इतकं का होत नव्हतं? आणि पोलादपूरकडून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोचेपर्यंत दिवा आतून भरून येतो, खाली उतरलं की साफ होतो. हा दोष समजायचा का?

दिवाबत्ती

@रानवारा, हॅलोजनचा ६०/५५ वॅटचा बल्ब खऱ्या अर्थाने शेगडी आहे. त्याची बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या किरणांच्या रूपात पुढे जाते आणि थेट काच तापवते. एलईडीची उष्णता चिपच्या पाठीमागे निघते, हीटसिंकमधून (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) दिव्याच्या मागच्या बाजूला जाते, आणि काच थंडच राहते. धुकं नेहमी सगळ्यात थंड भिंतीवर बसतं आणि एलईडी दिव्यात ती भिंत म्हणजे समोरची काच. आपण काच म्हणतो, असते ती पॉलिकार्बोनेटची.

घाटाचं म्हणाल तर हा दोष नाही. जुलैत खाली हवा २७-२८ अंश आणि दमटपणा ९० टक्के असेल तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं दव होऊ लागतं तो, २६ अंशाच्या आसपास असतो. ती हवा दिव्यात भरून तुम्ही वर येता, वरची हवा २० अंशाच्या खाली, त्यात पावसाचा मारा. काच मिनिटांत दवबिंदूच्या खाली जाते. खाली उतरल्यावर साफ होतो म्हणजे दिव्याचा श्वास मोकळा आहे. उतरल्यावरही तसाच राहिला तर ब्रीदर, म्हणजे दिव्याची हवा आत-बाहेर जायची वाट, तपासा.

स्पॅनर१४

ब्रीदरबद्दल मी लिहितो, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दिव्याच्या मागच्या बाजूला, काही ठिकाणी खालच्या अंगाला, एक किंवा दोन छोट्या नळ्या असतात. त्यावर एल आकाराची रबरी टोपी असते आणि तिचं तोंड खाली असतं. काहींत आत स्पंजचा तुकडा असतो. नव्या दिव्यांत नळीऐवजी नखाएवढी गोल पांढरी किंवा काळी चकती चिकटवलेली असते. ही टेफ्लॉनची सूक्ष्म छिद्रांची जाळी. तिच्यातून हवा आणि बाष्प जातं, पाण्याचा थेंब जात नाही.

दिवा बंदिस्त का ठेवत नाहीत ते समजून घ्या. आतली हवा ६० अंशाला तापली आणि पावसाने २५ अंशाला आली, तर दाब दहा टक्के पडतो. म्हणजे पाण्याचा एक मीटर उंच स्तंभ जेवढा जोर लावेल तेवढा जोर. भोक बुजवलेलं असेल तर तो जोर काच आणि हाउसिंगच्या (दिव्याचं मागचं प्लॅस्टिकचं कवच) सांध्यावर येतो. सांध्यात केसाएवढी फट असली तरी दिवा सुईतून औषध ओढल्यासारखं बाहेरचं पाणी आत ओढतो. मग ते पाणी बाहेर काढायला वाटच उरत नाही. म्हणून ब्रीदर बुजवू नका. एम-सीलने नाही, चिकटपट्टीने नाही, 'फक्त पावसाळ्यापुरता' तर मुळीच नाही.

तपासायचं काय:

रबरी टोपी जागेवर आहे का आणि तोंड खालीच आहे का. सर्व्हिसिंगमध्ये व्हायजर काढून बसवताना ती हमखास फिरते किंवा पडते. तोंड वर झालं की ती पन्हाळीसारखी पाणी आत घेते.

नळीत चिखल आहे का. कुंभारीण माशीला असली भोकं फार आवडतात. मार्च-एप्रिलमध्ये तिने मातीने लिंपून टाकलेलं घर पावसाळा येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. माती आत ढकलू नका. टोपी काढून बाहेर पाण्यात भिजवा आणि नळीच्या तोंडाशी असलेली माती टोकदार काडीने बाहेरच्या दिशेने खरवडा.

स्पंज तेलकट किंवा दगड झाला असेल तर बदला. फिशटँकच्या फिल्टरचा बारीक स्पंज ५-६ मिलिमीटर जाडीचा कापून चालतो, पण दाबून कोंबू नका.

चकती असेल तर तिला बोट, पॉलिश, शाम्पू लावू नका. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि मग तेच पाणी जाळीतून आत झिरपतं. चेन साफ करायचा स्प्रे उडाला तर जाळी तेलकट होऊन चोंदते. अशी चकती साफ होत नाही, बदलावीच लागते. सुट्या मिळतात. जुनी सोलून जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि नवीची फक्त कड १० सेकंद दाबा. मधोमध दाबू नका.

तारतम्य

या सगळ्यात एक वाट कायम राहून जाते: वायर.

जादा फॉगलॅम्प किंवा यूएसबी चार्जर बसवताना हेडलाईटच्या वायरला मध्येच सोलून जोड देतात आणि वर नुसती काळी टेप गुंडाळतात. वायरच्या आत तांब्याच्या बारीक तारांची लडी असते आणि तारांमधल्या जागेतून पाणी वातीतून तेल चढावं तसं सरकतं. वर स्पॅनर१४ यांनी सांगितलेली ओढ त्याला मिळाली की जोडापासून हातभर लांब असलेल्या दिव्याच्या आतही पाणी पोचतं. बाहेरून दिवा, सांधा, टोपी सगळं निर्दोष, तरी तळाशी पाणी! अशा वेळी कपलर (दिव्याला वायर जोडणारा प्लग) सुटा करून पिना बघा. बुरशीसारखा हिरवट-पांढरा गंज दिसला आणि वायरचं इन्सुलेशन टोकाशी सोलल्यावर आतली तांब्याची तार काळी पडलेली दिसली, तर पाणी वायरीतूनच आलं आहे.

उपाय: काळवंडलेला भाग चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापून काढा, जोड डाग देऊन (सोल्डर करून) करा, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. साधी स्लीव्ह नको. तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाची कड बाहेर आलेली दिसली पाहिजे. कपलरच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या. पिनांच्या खोबणी ग्रीसने भरू नका. आणि कपलरच्या अलीकडे वायरला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, कपलरपर्यंत जाणार नाही.

नवा_रायडर

ब्रीदर साफ केला, कपलर बघितला, दोन्ही ठीक. दोन तास उन्हात ठेवला की काच साफ होते, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धुकं. मग गळती आहेच ना?

दिवाबत्ती

असेलच असं नाही. दिव्यातलं प्लॅस्टिकही पाणी पितं. पॉलिकार्बोनेट नेहमीच्या हवेत वजनाच्या सुमारे ०.१५ टक्के पाणी धरून असतं. दिव्यात २०० ग्रॅम पॉलिकार्बोनेट असेल तर ते ०.३ ग्रॅम झालं, म्हणजे आतल्या हवेतल्या बाष्पाच्या पाचपट. नायलॉनचे भाग असतील तर ते याहून कितीतरी जास्त पितात. दोन तासांच्या उन्हाने काचेवरचं दव जातं, प्लॅस्टिकमधलं राहतं आणि रात्री ते हळूहळू पुन्हा हवेत येतं. सुकवायला वेळ द्यावा लागतो.

फिशटँक_पंप

सुकवण्याची खात्रीची रीत देतो. सामान: फिशटँकचा छोटा एअर पंप (मिनिटाला २-३ लीटरचा), ४-५ मिलिमीटरची सिलिकॉन नळी, रुंद तोंडाची एक लीटरची प्लॅस्टिक बाटली, आणि रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे अर्धा किलो. दाणे नारिंगी घ्या, ओले झाले की हिरवट होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात नको.

इग्निशन बंद करा, कपलर काढा. दिवा खोलण्याआधी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करून बीमची वरची कड भिंतीवर चिकटपट्टीने आखून ठेवा, नाहीतर बसवल्यावर ॲडजस्टमेंट शोधत बसाल आणि समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जाईल.

दिवा खोलून तळाशी पाणी असेल तर ब्रीदरच्या बाजूला कलवून निथळून घ्या. झटकू नका.

बाटलीच्या झाकणाला दोन भोकं पाडा. पंपाची नळी दाण्यांच्या तळापर्यंत न्या, बाहेर पडणारी नळी झाकणाजवळच ठेवा, म्हणजे हवा सगळ्या दाण्यांतून फिरून बाहेर येईल. बाहेरच्या नळीच्या तोंडाला पातळ सुती कापड बांधा, नाहीतर सिलिकाची धूळ रिफ्लेक्टरवर (प्रकाश पुढे फेकणारा आतला चकचकीत भाग) जाते. ही नळी एका ब्रीदरमध्ये सैलसर ठेवा, दुसरा ब्रीदर उघडा. एकच ब्रीदर असेल तर कपलरची किंवा मागची रबरी टोपी काढून वाट करून द्या. चकतीवाला दिवा असेल तर चकती काढूनच हे होईल, तेव्हा नवी चकती आधी आणून ठेवा.

पंप ६ ते ८ तास चालू ठेवा. २ लीटरच्या दिव्यातली हवा तासाला साठहून जास्त वेळा बदलते. दिवा सावलीतल्या ऊबदार जागी असेल तर प्लॅस्टिकमधलं पाणीही निघतं. भर पावसाळ्यात रात्रभर ठेवा. दाणे हिरवट झाले तर कढईत किंवा ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन-तीन तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका.

हेअर ड्रायर मारायचाच तर एक वीत लांबून, हाताला सोसेल इतकाच. हीटगन नको. तांदूळ नकोच नको. पाणी ओढायला ते फार कमकुवत आणि त्यांचा पिठूळपणा आत जातो.

रानवारा

मग सिलिका जेलची ५ ग्रॅमची पुडी कायमची दिव्यातच टाकून ठेवली तर? कोरडी पुडी वजनाच्या ३० टक्के पाणी धरते म्हणतात, म्हणजे दीड ग्रॅम. हवेतलं बाष्प तर मिलिग्रॅममध्ये आहे.

स्पॅनर१४

कागदावर जमतं, दिव्यात जमत नाही. ब्रीदर उघडा असल्यामुळे बाहेरचं बाष्प सतत आत येत राहतं आणि पुडी पावसाळ्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच भरते. त्याहून वाईट पुढे होतं. दिवा पेटला की आतली हवा तापते, तापलेली पुडी धरलेलं पाणी ओकते आणि ते थेट थंड काचेवर बसतं. म्हणजे पुडीमुळेच रोज धुकं. शिवाय सुटी पुडी खड्ड्यात उडून रिफ्लेक्टरसमोर किंवा हीटसिंकच्या पंख्यात अडकते. काही कंपन्या मागच्या झाकणात शोषक बसवतात, पण तिथं त्याची जागा, माप आणि बदलायची वेळ ठरवलेली असते. सुकवून दिवा बंद करताना रात्रभर ठेवायला पुडी चांगली. सकाळी काढून घ्या.

तारतम्य

+१. आणि सुकवूनही तळाशी पुन्हा थेंब साचले तर आता सांधा तपासायची वेळ आली. हे कुणीतरी नीट लिहा, कारण 'पाण्यात बुडवून बुडबुडे बघा' हा सल्ला फार फिरतो आणि त्यात उरलासुरला कोरडा भागही भिजतो.

फिशटँक_पंप

गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाईपने चाचणी होते. साधारण दीड मीटर पाईप घ्या, इंग्रजी यू सारखा एका फळीला बांधा, आत रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरा. एक तोंड उघडं, दुसरं टी-जोडातून दिव्याच्या ब्रीदरला. टी-च्या तिसऱ्या टोकाला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा, झडपेसकट. बाकीचे ब्रीदर आणि कपलरची जागा चाचणीपुरती रबरी बुचाने बंद.

फुगा हळू दाबा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात २० सेंटिमीटरचा फरक आला की थांबा. याहून जास्त नको. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको, काच सांध्यातून सुटते. मिनिटभर पातळी टिकली तर सांधा पक्का. घसरली तर भांडी घासायच्या लिक्विडचं फेसाळ पाणी ब्रशने सांध्यावर थोडं थोडं फिरवा. जिथं बारीक बुडबुड्यांची माळ उगवते तिथं मार्करने खूण करा. कोपरे, बोल्टच्या कानांजवळचा भाग आणि बीम वरखाली करायच्या ॲडजस्टरच्या दांड्याचं रबर आधी बघा, बहुतेक वेळा तिथंच सापडतं. झालं की बुचं आठवणीने काढा.

स्पॅनर१४

सांधा सापडल्यावर काय, ते गोंद कुठला आहे यावर ठरतं. कडेच्या खाचेतला काळा गोंद नखाने दाबा. च्युइंगमसारखा चिकट, तार सुटणारा असेल तर ब्यूटाइल. टणक रबरासारखा असेल तर पॉलीयुरेथेन किंवा सिलिकॉन. गोंदच दिसत नसेल, नुसती प्लॅस्टिकची वितळलेली कड असेल, तर काच वेल्ड केलेली आहे.

ब्यूटाइलवाला दिवा ८० ते ९० अंशाला १० मिनिटं तापवला की सांधा मऊ होतो आणि काच हळूहळू निघते. पण एलईडी दिवा उघडण्याचा सल्ला मी सहसा देणार नाही. हाउसिंगचं एबीएस प्लॅस्टिक १०० अंशाच्या आसपास वाकायला लागतं, ओव्हनचा काटा १५-२० अंश इकडेतिकडे सहज असतो, आणि आत ड्रायव्हर बोर्ड (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) असतो. वेल्ड किंवा पॉलीयुरेथेन असेल तर उघडायचा विचारही सोडा, काच तडकते.

बाहेरूनच दुरुस्ती करा. दिवा पूर्ण कोरडा हवा. खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने हलकी घासा, पुन्हा पुसा. वर न्यूट्रल क्युअर सिलिकॉनची ३-४ मिलिमीटरची सलग कड ओढा आणि ओल्या बोटाने सांध्यात दाबा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका. त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, ते तांबं आणि रिफ्लेक्टरचा ॲल्युमिनियमचा मुलामा दोन्ही खातं. फेव्हिक्विकसारखा झटपट गोंदही नको. त्याची वाफ आत जाऊन काचेवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर बसवते आणि तो पुसता येत नाही. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन काचेजवळ आणू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक भेगा पडतात.

सिलिकॉन २४ तासांत २-३ मिलिमीटर पिकतं. तेव्हा ४८ तास हात लावायचा नाही. मग लेव्हल पाईपची चाचणी पुन्हा. फक्त खुणेच्या जागी लावा. 'असू दे' म्हणून दिव्याभोवती पूर्ण फेरा मारला की निचऱ्याची भोकंही बुजतात.

नवा_रायडर

माझा दिवा बाहेरून घेऊन बसवलेला गोल सात इंची आहे, लोखंडी डोममध्ये. याला वेगळं काही?

दिवाबत्ती

हो, तिथं दोन पोकळ्या आहेत. दिव्याची स्वतःची, आणि डोमची. डोमच्या तळाला एक निचऱ्याचं भोक असतं, ते रंगाने किंवा चिखलाने बुजलं की डोममध्ये पाणी साचतं आणि दिव्याची पाठ त्यात भिजत राहते. दिव्याच्या पाठीवरची चकती पाण्याखाली असेल तर श्वास घेणार कुठून? भोक ५ मिलिमीटरच्या ड्रिलने मोकळं करा, कडेला रंगाचा हात द्या. रिमच्या आतली रबरी रिंग जुनी, चेपलेली असेल तर बदला. चकती तळाशी येते म्हणून दिवा उलटा बसवू नका, बीमच उलटा पडेल. अशा दिव्याला डोमचा निचरा हाच उपाय.

मूळ हॅलोजन दिव्यात एलईडी बल्ब बसवताना रबरी बूट (बल्बच्या मागची रबरी टोपी) कापला असेल तर धुक्याचं कारण तेच. बूट नवा घ्या आणि त्याला झाकता येईल एवढाच बल्ब बसवा. बूटवरची 'टॉप' लिहिलेली बाजू वर.

तारतम्य

धुण्याबद्दल राहिलं. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाक्यांना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाईट चालूच असतो. म्हणजे वॉशिंग सेंटरला पोचता तेव्हा दिवा तापलेलाच असतो आणि त्यावर थेट गार पाण्याचा फवारा बसतो. इंजिन बंद करून २० मिनिटं थांबायला सांगा. प्रेशरची नळी सांध्यावर आणि दिव्याच्या पाठीमागे मारू देऊ नका. ब्रीदर पावसाच्या थेंबांसाठी केलेला आहे, त्या फवाऱ्यासाठी नाही. घरी बादली आणि स्पंजने हेडलाईटचा भाग धुणं सगळ्यात बरं.

रानवारा

शेवटचं. सुकल्यावर रिफ्लेक्टरवर पाण्याचे डाग राहिले आहेत. कापडाने पुसू का?

स्पॅनर१४

नाही! तो मुलामा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, मऊ कापडानेसुद्धा निघतो. बीमची कड भिंतीवर पूर्वीसारखी स्वच्छ पडत असेल तर डाग तसेच राहू द्या. मागचं झाकण निघत असेल आणि एलईडी मॉड्यूल बाहेर काढता येत असेल, तरच बॅटरीला घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने रिफ्लेक्टर नुसता विसळा, पुसू नका, आणि वर सांगितलेल्या पंपाने रात्रभर सुकवा. मॉड्यूल निघत नसेल तर पाणी घालू नका.